खिडकीचा डोळा

आमच्या घरमालकीणबाई रोज सकाळी चहाच्या आधी खिडकीला हात लावून बघायच्या. तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात तसा, उलटा पंजा. खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढं एक भोक होतं, त्यावर बारीक जाळी ठोकलेली होती. त्या भोकाला त्या 'डोळा' म्हणायच्या. स्टुलावर चढायचं, हात डोळ्यापाशी धरायचा, दहापर्यंत मोजायचं. हाताला वारा लागला की स्वतःशीच "आहे" म्हणून खाली उतरायचं. मग शेगडी पेटवायची आणि मग चहा. वय त्र्याहत्तर, आणि स्टुलाचा एक पाय तोकडा. खाली उभी राहून बघताना माझाच जीव वरखाली व्हायचा.

दिल्लीच्या द्वारका भागातल्या जुन्या चार मजली इमारतीत सगळ्यात वरचा फ्लॅट त्यांचा. तो त्यांनी आम्हाला भाड्याने दिला होता आणि स्वतः गच्चीवरच्या दोन खोल्यांत राहायच्या. अशा खोल्यांना इकडे बरसाती म्हणतात. मी आणि नवरा पुण्याहून नोकरीसाठी आलेलो. माझं ऑफिस नोएडात, म्हणजे मेट्रोच्या एकाच निळ्या लाइनीची दोन टोकं. तो कामासाठी पंधरा-पंधरा दिवस बाहेरगावी. मराठी घरमालकीण मिळाली म्हणून माझ्या आईने पुण्यात पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

पहिल्या दिवशी काकूंनी मला विचारलं, "तुला कशाकशाची भीती वाटते?"

भाडेकरूला मालक मांसाहार करता का, पाहुणे किती येतात, हे विचारतात. मी गोंधळले. म्हटलं, "काकू, तशी... सगळ्याचीच."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "मग राहा. न भिणारी माणसं मला घरात नको असतात. नळ उघडे टाकून जातात."

मी मूळचीच भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो माझ्यामागे पाळण्यापासून लागलेला. पण काकूंची भीती वेगळ्या जातीची होती. माझी नुसती बसून राहायची, त्यांची कामाला लागायची. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "आधी घाबरायचं, मग पेरायचं." लोक कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितात, काकू भीती लिहायच्या. एका चौकोनात 'उत्तरेचा वारा, टोमॅटो', दुसऱ्यात 'माकडं', तिसऱ्यात नुसतं 'गारा?'. भीती लिहून झाली की तिच्यावरचा उपाय करायचा आणि चौकोनावर काट मारायची. रात्री किती चौकोन काटले ते बघून झोपायचं. झोप मात्र छान लागायची त्यांना. मला लागत नसे.

हे सगळं त्या लेहमध्ये शिकल्या होत्या. त्यांचे यजमान हवामानाच्या नोंदी ठेवायच्या सरकारी नोकरीत होते आणि त्यांची तिकडे बदली झाली तेव्हा काकू बावीस वर्षांच्या होत्या, सांगलीच्या. कृष्णेत डुंबलेली मुलगी एकदम अशा जागी गेली जिथं पाऊस पडत नाही, झाड दिसत नाही, आणि पाणी असतं ते दगडासारखं गोठलेलं. अकरा वर्षं राहिल्या. यजमान गेल्याला बरीच वर्षं झाली होती, पण काकू दिल्लीच्या गच्चीवर अजून लेहमध्येच राहत होत्या. तांदूळ धुतलेलं पाणी कोथिंबिरीला, भाजी धुतलेलं पुदिन्याला, आणि हात धुतलेलं जर्दाळूला. होय, जर्दाळूचं झाड होतं, एका फुटक्या पिंपात. आठ वर्षांत त्याला एकदाही फूल आलेलं नव्हतं, कारण दिल्लीची थंडी त्याला पुरत नसे. जानेवारीत काकू कोपऱ्यावरच्या मासेवाल्याकडून बर्फ आणून त्याच्या मुळांवर घालायच्या. मासेवाला विचारायचा, "आंटीजी, मछली नहीं लेनी?" काकू म्हणायच्या, "नहीं भैया, पेड़ को ठंड लगानी है." तो दर वर्षी विचारायचा, त्या दर वर्षी तेच सांगायच्या.

पण त्यांचा खरा जीव रोपांत होता. तिकडे म्हणे शेतावरचा बर्फ लवकर वितळावा म्हणून बाया त्यावर राख आणि काळी माती पसरतात. ऊन त्या काळ्या ठिपक्यांवर बसतं आणि पंधरा दिवस आधी जमीन उघडी पडते. त्या पंधरा दिवसांवर वर्षाचं धान्य अवलंबून. "आपण वसंताची वाट बघतो गं," काकू सांगायच्या, "तिथं त्याला ओढून आणावा लागतो." दिल्लीत त्या नेमकं हेच करायच्या. इथला वसंत जेमतेम तीन आठवड्यांचा, होळी झाली की अंगावर भट्टी उघडल्यासारखं ऊन. तेवढ्यात दोडका, काकडी, भोपळा, टोमॅटो हाताशी यायचे तर रोपं जानेवारीतच तयार हवीत. म्हणून बरसातीची एक खोली रोपांची. मिठाईचे डबे, दह्याची मडकी, दिव्याच्या पणत्या, सगळ्यांत माती, आणि प्रत्येकात एकेक हिरवा टाचणीएवढा कोंब. खोली उबदार राहावी म्हणून दिवाळीनंतर काकू गव्हाच्या पिठाची खळ करायच्या आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्यांनी खिडक्यांच्या सगळ्या फटी चिकटवून टाकायच्या. दाराखाली जुन्या चादरीची वळकटी. आत कोळशाची शेगडी. आणि वर तो डोळा, जो कधीच बुजवायचा नाही.

मी पहिल्यांदा ती शेगडी बघितली तेव्हा दारातच थांबले. म्हटलं, "काकू, बंद खोलीत कोळसा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं नेहमीचं मिश्कील काहीतरी पार पुसलं गेलं होतं.

"लेहमधल्या आमच्या पहिल्याच हिवाळ्यात," त्या म्हणाल्या, "शेजारच्या खोलीत एक जोडपं निजलं ते उठलंच नाही. रस्त्याच्या कामाला आलेली माणसं, वाऱ्याला घाबरून त्यांनी सगळी भोकं बुजवली होती. मी बघायला गेले. दोघांच्या गालांवर लाली होती. इतकी छान लाली मी त्या बाईच्या गालावर जिवंतपणी कधी बघितली नव्हती." मग त्यांनी हात धरून मला स्टुलावर चढवलं आणि माझा पंजा डोळ्यापाशी नेला. बाहेरचा गार वारा बोटांमधून आत आला. "हा आहे तोवर काही होत नाही. कळलं?"

मला कळलं. निदान तेव्हा तरी कळलं असं वाटलं.

खिडक्या उघडायचा दिवस ठरलेला होता, महाशिवरात्र. थंडी शिव शिव म्हणत जाते ती त्या दिवशी, हे सांगलीचं. आणि उघडायची ती सगळी एकदम, हे लेहचं. मी पोटुशी होते त्या वर्षी मला त्यांनी या कामात घेतलं. कोमट पाण्याची बादली, जुनी फडकी. फडकं पट्टीवर ठेवायचं, खळ भिजू द्यायची, मग सावकाश ओढायचं. फाडलेलं त्यांना चालत नसे. तीन महिन्यांच्या बातम्या उलट क्रमाने सुटत जायच्या. मग खिडक्या सताड उघडायच्या. त्या खोलीत जी हवा शिरते तिला वास असतो, ओल्या मातीचा, उन्हाचा, आणि खालच्या पार्कातल्या कापलेल्या गवताचा. रजया कठड्यावर पडतात. भिंती पुसल्या जातात. उपास म्हणून रताळ्याचा कीस आणि दाण्याची आमटी, आणि लेहची म्हणून वाळवलेल्या जर्दाळूंची घट्ट गोड कढी, जी मला पहिल्या घासाला विचित्र वाटली आणि मग मी वाटी चाटून खाल्ली. रोपांच्या पणत्या एकेक करून उन्हात मांडताना काकू त्यांना दटावत होत्या, "घाबरा. जरा घाबरा बाहेरच्या वाऱ्याला, म्हणजे देठ जाड होईल." मी कठड्याला टेकून बसले होते, पोटात बाळ लाथा मारत होतं, आणि दिल्लीत आल्यापासून पहिल्यांदाच मला कशाचीही भीती वाटत नव्हती. तो दिवस मी विसरणार नाही.

काकूंच्या कॅलेंडरवर कधीच न लिहिलेली एक भीती होती. त्यांचा एकुलता मुलगा पुण्यात अकराव्या मजल्यावर राहायचा आणि त्याला आई तिथं हवी होती. वाईट नव्हता. रोज संध्याकाळी सात वाजता फोन करायचा. काकू पावणेसातला केस विंचरून, पाठ ताठ करून, रजईतल्या लोकरीच्या मोज्यातून मोबाइल काढून बसायच्या. बॅटरी थंडीने मरते हे लेहचं ज्ञान, म्हणून फोन कायम मोज्यात आणि मोजा रजईत. बाकी दिवसभर तो वाजला तरी कुणाला ऐकू यायचा नाही. मुलगा मलाही अधूनमधून फोन करायचा. "आईचं काही वेडंवाकडं वाटलं तर मला लगेच सांगा हं. पडली, गॅस विसरली, काहीही. एक जरी गोष्ट झाली तरी मी तिला घेऊन जाणार आहे."

काकूंना हे माहीत होतं. एकदा कोथिंबीर निवडता निवडता म्हणाल्या, "त्याला काय काय सांगतेस गं माझ्याबद्दल?"

"चांगलंच सांगते, काकू."

"मला एक चूक करायची परवानगी आहे बघ. एकच. ती झाली की गच्ची गेली." कोथिंबिरीच्या मुळ्या त्यांनी पाण्याच्या वाटीत ठेवल्या. मुळ्याही पुन्हा लावायच्या असत. "म्हणून मी करत नाही."

मुलगी झाली. माझी रजा संपली तेव्हा ती आठ महिन्यांची होती. पाळणाघरांच्या गोष्टी ऐकून माझी झोप उडाली होती, आणि काकू सहज म्हणाल्या, "आण की वर. रोपं सांभाळते तशी हिलाही सांभाळीन." त्या तिला 'जर्दाळू' म्हणायच्या. दिवसभर जर्दाळू गच्चीत उन्हात, नाहीतर उबदार रोपांच्या खोलीत दुलईवर. संध्याकाळी घ्यायला जावं तर मुलीच्या हाताला मातीचा वास आणि जावळाला धुराचा.

त्या धुराने माझं डोकं फिरवलं. जानेवारी अखेरची गोष्ट. दिल्लीची हवा त्या आठवड्यात अशी होती की समोरची इमारत दिसेना. मी ऑफिसात बसून दर दहा मिनिटांनी फोनवर हवेचा आकडा बघायची. घरी दोन एअर प्युरिफायर, खिडक्यांना ऑनलाइन मागवलेली रुपेरी चिकटपट्टी. मुलगी दोन दिवस खोकत होती. डॉक्टर म्हणाले साधी सर्दी आहे, पण मी डॉक्टरांचं ऐकलं असतं तर ती मी कसली.

त्या संध्याकाळी तिला घ्यायला वर गेले तेव्हा काकू टाकीपाशी पाणी भरत होत्या. रोपांच्या खोलीच्या बाहेरून, वाळत घातलेल्या सलगमच्या माळांमागे, तो डोळा मला दिसला. जाळी काळी पडली होती. पालथ्या बादलीवर चढून बोट लावलं तर काजळी. बाहेरच्या हवेतली ही काजळी रोज माझ्या पोरीच्या फुप्फुसात जाते, एवढंच माझ्या डोक्यात आलं. दुसरं काहीही आलं नाही. पर्समध्ये पट्टीचं भेंडोळं होतंच. दोन आडव्या, दोन उभ्या, वरून हात फिरवला आणि माळा पुन्हा सारख्या केल्या. सांगितलं असतं तर काकूंनी काढायला लावली असती, म्हणून सांगितलं नाही. खाली येताना मला बरं वाटत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरंच बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी माझी लवकरची मीटिंग होती. मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी मुलीला वर घेऊन गेले. काकू नुकत्याच स्टूल भिंतीपाशी ओढत होत्या. मुलगी भोकाड पसरून रडत होती, मी तिला त्यांच्या हातात जवळजवळ कोंबली आणि म्हटलं, "काकू, गार पडलीये हो ती, आधी शेगडी पेटवा." त्यांनी स्टूल सोडलं, तिला घेतलं. मी जिना उतरले.

अकराच्या सुमारास ऑफिसात चहा घेताना शेजारच्या टेबलावरची मुलगी, दिल्लीचीच, पेपरातलं काहीतरी सांगत होती. कुठल्यातरी वस्तीतलं एक कुटुंब. "यार, हर साल होता है. खिड़की-दरवाज़े बंद करके अंगीठी जला लेते हैं, बस. सुबह कोई उठता ही नहीं."

माझ्या हातातला कप टेबलावर ठेवला गेला की खाली पडला, मला आठवत नाही. काकूंना फोन लावला. रिंग जात होती. मोज्यात, रजईत वाजत असणार. पुन्हा लावला. नवऱ्याला लावला, तो विमानात. इमारतीच्या चौकीदाराला लावला. तो वर जाऊन आला आणि त्याने पाच मिनिटांनी सांगितलं, "मैडम जी, घंटी बजाई, दरवाज़ा खटखटाया. कोई नहीं खोल रहा."

तो आमच्या फ्लॅटच्या दारापाशी गेला होता, गच्चीच्या नाही. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त 'कोई नहीं खोल रहा' एवढंच ऐकलं आणि पळत सुटले.

गाडीने दीड तास लागला असता, म्हणून मेट्रो. नोएडा ते द्वारका, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. जी गाडी मी रोज पेंगत काढायची त्या गाडीत मी त्या दिवशी उभीच होते. बसले तर काहीतरी होईल असं वाटत होतं. यमुना गेली. गाडी जमिनीखाली शिरली आणि फोनची रेंज गेली. रेंज आली की लावायची, जाईपर्यंत रिंग ऐकायची. करोल बागेला पिशव्या घेतलेल्या बायकांचा घोळका चढला, लग्नाची खरेदी होती, हसत होत्या. त्यांतल्या एकीच्या कडेवर मूल होतं. गुबगुबीत, लाल लाल गालांचं. मी तोंड फिरवलं. ते जोडपं, त्यांच्या गालांवरची लाली. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. पट्टी मी लावली, मी लावली, एवढंच मी दाराच्या काचेला कपाळ टेकवून पुटपुटत होते. ते ऐकून एक म्हातारे सरदारजी उठले आणि त्यांनी मला जबरदस्तीने आपल्या जागेवर बसवलं.

चार मजले मी कशी चढले माहीत नाही. गच्चीचं दार नुसतं लोटलेलं होतं.

काकू टाकीला पाठ टेकून उन्हात जमिनीवर बसल्या होत्या. पाय पसरलेले, केस सुटलेले, कपाळ फुटून रक्त भुवईवर वाळलेलं. समोर मातीचं घमेलं. त्या घमेल्यात, काळ्या मातीत आणि चिरडलेल्या टोमॅटोच्या रोपांत, माझी मुलगी बसली होती आणि दोन्ही मुठींनी माती उडवत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि रडायला लागली. त्या रडण्याइतकं सुंदर मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

"पाय चालेनात," काकू म्हणाल्या. जीभ जड झाली होती. "डोकं दुखायला लागलं तेव्हा लक्षात आलं, आज हात लावून बघितला नाही. उठले तर पडले. हात चालत होते. मग हिला घमेल्यात घातली आणि ढकलत ढकलत आणली. जड आहे गं पोरगी." मग म्हणाल्या, "रोपं मोडली सगळी."

जवळच्या दवाखान्यात दोघींना रात्रभर ठेवलं, नाकाला प्राणवायूची नळी. डॉक्टर म्हणाले, अजून पंधरा मिनिटं झाली असती तर. त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, आणि मी ते आजवर मनात रोज पुरं करते.

मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. खाटेशी उभा राहिला, आईच्या कपाळावरची पट्टी बघितली. त्याचा चेहरा भीतीने पांढरा झाला होता. त्याच भीतीने बोलला, "आई, हे झालंच कसं? तू भोक ठेवतेस ना नेहमी?"

काकूंनी त्याच्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते, मुलीचं टोपडं हातात होतं, बाजूला रात्री परतलेला नवरा. माझ्या ओठांवर आलं होतं. दोन शब्द, 'मी लावली'. नवरा काय म्हणेल, सासूबाई काय म्हणतील, पोटच्या पोरीला हिनेच मारलं असतं असं म्हणतील. आणि खरंच होतं ते. मी टोपड्याची नाडी बोटाला गुंडाळत राहिले.

"विसरले," काकू म्हणाल्या. "यंदा ठेवायचं विसरले. बुजवून टाकलं सगळं."

बस्स. त्यांची एक चूक झाली होती.

मुलाने आठ दिवसांत सगळं उरकलं. रजया, भांडी, काही वाटून टाकलं, काही पुण्याला. जर्दाळूचं पिंप इमारतीच्या माळ्याला दिलं. शिवरात्रीला अजून अवकाश होता; निघायच्या दिवशी काकू एकट्याच रोपांच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ आत होत्या. मी दाराबाहेर उभी होते. आत जायचं धाडस झालं नाही. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात वर्तमानपत्राची एक पुडी होती, चपटी, तळहाताएवढी.

"शिवरात्रीनंतर पेर," त्या म्हणाल्या आणि मुलीच्या गालाला बोट लावून खाली उतरल्या.

टॅक्सी वळेपर्यंत मी हात हलवत होते. मग पुडी बघितली. तिचं तोंड रुपेरी पट्टीने बंद केलं होतं. माझीच पट्टी. काजळीचा जाळीदार ठसा अजून तिच्या चिकट बाजूला होता आणि पुडीबाहेर राहिलेल्या कडेवर दिसत होता. काकू काही टाकून देत नसत. त्यांना सगळं माहीत होतं. दवाखान्यातच माहीत होतं. टॅक्सी अजून सिग्नलला असणार, मी धावले असते तर गाठली असती. मी धावले नाही. भीतीने पाय चालेनात, असं म्हणायचा मला अधिकार नाही. ते शब्द त्यांचे आहेत.

याला सहा वर्षं झाली. आम्ही आता नोएडात राहतो, मुलगी शाळेत जाते, गुटगुटीत आहे. पुडी माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. ती उघडायची तर ती पट्टी सोलावी लागेल, आणि ते माझ्याने झालं नाही. दर शिवरात्रीला मी काकूंना फोन करते. त्या पहिल्यांदा मुलीचं विचारतात, मग म्हणतात, "पेरलंस?" मी म्हणते, "पेरलं, काकू." मग मी विचारते तुम्ही कशा आहात, आणि त्या म्हणतात, मजेत.

यंदाही फोन केला. त्या आता एकोणऐंशीच्या आहेत, आवाज बारीक झालाय. म्हणाल्या, "इथल्या खिडक्या उघडतच नाहीत गं. आख्खी काच आहे. मशीन हवा सोडतं. मी सकाळी हात लावते, सून हसते." मग नेहमीसारखं, "पेरलंस?"

"पेरलं, काकू."

"काय आलं?"

हे त्यांनी कधीच विचारलं नव्हतं. मी उत्तर देणार होते, दोडका म्हणणार होते की भोपळा, आणि माझ्या लक्षात आलं की त्या पुडीत काय आहे ते मला ठाऊकच नाही. पलीकडे त्यांच्या मशीनचा एकसारखा आवाज येत होता.

"कोमट पाण्याचं फडकं ठेव वर," काकू म्हणाल्या. "सावकाश ओढ. निघते ती. मी काढली होती ना."

शेजारच्या खोलीत नवरा होता, मुलगी होती, दोघांनाही ऐकू गेलं असतं. मी आवाज बारीक केला नाही. "काकू, ती पट्टी मी लावली होती. तुम्ही विसरला नव्हता. मी लावली होती."

मला वाटलं, फोन मोज्यात गेला की काय.

"झालं घाबरून?" त्या म्हणाल्या. "मग आता पेर."